तोंड वाकडे का होते? सातवी नस आणि चार्ल्स बेल

चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळते, एक डोळा मिटत नाही, हसताना तोंड एकीकडे ओढले जाते. घरचे अर्धांगवायू समजून घाबरतात. पण त्याच बाजूच्या कपाळालाही आठ्या पडत नसतील, तर तो बहुधा ‘बेल्स पाल्सी’ असतो. (निदान अर्थात डॉक्टरांनीच, तेही लगेच करायचे.) हे नाव ज्यांच्यावरून पडले ते चार्ल्स बेल शल्यविशारद होते आणि उत्तम चित्रकारही.

जन्म 1774 चा, एडिनबर्गचा. थोरले भाऊ जॉन यांच्याकडे ते शस्त्रक्रिया शिकले आणि 1804 मध्ये लंडनला गेले. दोनच वर्षांत चेहऱ्यावरच्या भावांमागची शरीररचना चित्रकारांना समजावणारे त्यांचे पुस्तक आले. 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर ते ब्रसेल्सला धावले. तिथे जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांच्या जखमांची चित्रेही काढली.

माणसाच्या मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात. त्यातली पाचवी आणि सातवी, दोन्ही चेहऱ्यावर पसरतात. मग कोणाचे काम काय? बेल यांनी गाढवावर प्रयोग केले आणि 1821 मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे मांडले. सातवी कापली की त्या बाजूच्या नाकपुडीची हालचाल थांबे. पाचवीची शाखा कापली तर गाढवाला ओठांनी दाणे उचलता येईनात. म्हणजे ओठ पाचवी हलवते, असे बेल यांना वाटले. इथे ते चुकले. त्यांचेच जुने विद्यार्थी हर्बर्ट मेयो यांनी खरे कारण सांगितले: ओठ हलत होते, पण दाणा लागल्याचे गाढवाला कळतच नव्हते. पाचवी स्पर्शाची (आणि चावण्याच्या स्नायूंची), सातवी हावभावांची.

दुसरा वाद जास्त कडवट होता. मज्जारज्जूच्या नसांची पुढची मुळे हालचालीची आणि मागची संवेदनेची, हे फ्रान्सच्या फ्रांस्वा माजांदी यांनी 1822 मध्ये दाखवले. बेल यांनी 1811 ची आपली खासगी पुस्तिका पुढे करून श्रेय मागितले. पुढच्या मुळांचा प्रयोग त्यात होता. मागच्या मुळांचे खरे काम मात्र नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, जुने निबंध पुन्हा छापताना त्यांनी मजकूर सोयीने बदलला. जिवंत प्राण्यांची चिरफाड त्यांना सहन होत नसे, हेही खरे. माजांदींना तसा संकोच नव्हता. आज त्या नियमाला दोघांचीही नावे आहेत.

1836 मध्ये बेल शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून एडिनबर्गला परतले. 1842 मध्ये वूस्टरजवळ त्यांचा मृत्यू झाला.