तंजावरचे विद्याव्यासंगी सरफोजी महाराज

बेंबळीहून तुळजापूर काही दूर नाही. तेथील भवानी ही भोसले कुळाची कुलस्वामिनी, हे आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. परंतु त्याच कुळाच्या एका शाखेने तमिळ मुलखात तंजावरास सव्वाशे वर्षे राज्य केले व तेथील एका राजाचे नाव तुळजाजी होते, असे सांगितले म्हणजे वडीलधारी मंडळीही नवल करितात. ह्या तुळजाजींचे दत्तक पुत्र दुसरे सरफोजी महाराज यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेकरिता आम्ही निवडिले आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी स्थापिली. सरफोजींचा जन्म 1777 चा. 1787 साली तुळजाजींनी मृत्युसमयी त्यांस दत्तक घेतले. परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग हेच गादीवर बसले, दत्तकविधान अशास्त्र ठरविले गेले आणि पोराचे शिक्षणही तुटले. श्वार्ट्झ नामक जर्मन मिशनऱ्याने त्याची बाजू घेतली व पुढे त्यास मद्रासेस हलविण्यात आले. तेथे सरफोजी इंग्रजी व पाश्चात्त्य विद्या शिकले. धर्म मात्र त्यांनी आपला सोडिला नाही, आणि गुरूसही ते विसरले नाहीत. श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी त्याचे संगमरवरी स्मारक विलायतेहून करवून आणिले.

1798 साली त्यांस गादी मिळाली व पुढच्याच वर्षी कंपनीने तहान्वये सारे राज्य घेतले. उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. पाटीलकीची वतने गेल्यावर कैक वर्षे सनदा पेटीत जपून बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्याच घरांतील मुले आमच्या वर्गात बसून गेली आहेत. म्हणून बाविसाव्या वर्षी राज्य गमावलेला हा तरुण पुढे काय करितो, इकडे आमचे लक्ष विशेष लागते.

त्यांनी विद्या धरिली. पूर्वजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ आणून भरिले. पुष्कळ पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आढळते. 1820 ते 1822 ह्या काशीयात्रेतही त्यांनी पोथ्या मिळविल्या. लाव्हाझिए, लिनियस ह्यांसारख्या युरोपीय शास्त्रज्ञांचे ग्रंथ त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चाले; तेथील नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, आजही जतन आहेत. नवविद्या कलानिधी शाळेत नव्या विद्या शिकवीत. देवनागरी खिळ्यांचा छापखाना त्यांनी 1805 साली घातला, व इसापनीतीच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' ह्या नावाने मराठीत छापविल्या. दक्षिणेत, परमुलखात, त्या काळी मराठी पोरांच्या हाती छापील गोष्टी! आम्हां शिक्षकांस ह्या एका गोष्टीचे कौतुक इतर सर्वांहून अधिक वाटते. जगाचा भूगोल सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटकही त्यांच्या नावे आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरविलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेखही त्यांच्याच आज्ञेचा.

त्यांस नामधारी राजे म्हणून दोन ओळींत निकाली काढणारे लोक आहेत. नामधारी ते होतेच. कंपनीशी झगडणे त्यांनी पत्करिले नाही, ह्याचे आम्हांस थोडे वाईटही वाटते. परंतु टिपूचा अंत ज्या वर्षी झाला त्याच वर्षीचा हा तह, हेही ध्यानी घ्यावे.

महाराज 1832 साली वारले. पुत्र शिवाजी हे 1855 साली पुत्रहीन वारल्यावर कंपनीने गादी बंद केली व राजवाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंचा दावा थेट विलायतेपर्यंत गेला. तेथे 1859 साली निकाल विरुद्ध लागला, तरी काही वर्षांनी सरकारने मालमत्ता परत दिली. ग्रंथालय 1918 साली सर्वांस खुले झाले. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल वेगळेच. ते वाचणारे मात्र, आपल्या जिल्ह्याप्रमाणेच, तेथेही थोडे उरले आहेत.