विश्लेषण : स्पीकरवरचे ‘जेबीएल’ म्हणजे नेमके कोण? एका माणसाच्या नावाचे दोन ब्रँड आणि घरचा स्पीकर निवडण्याचे धडे

ब्लूटूथ स्पीकरवर केशरी रंगात तीन अक्षरे दिसतात, जेबीएल. काही वर्षांपूर्वी डेस्कटॉप संगणकाशेजारी ‘अल्टेक लान्सिंग’ हे नावही अनेकांनी पाहिले असेल. ब्रँड दोन असले तरी त्यांच्यामागचा माणूस एकच आहे, जेम्स बुलो लान्सिंग. यातील एका कंपनीतून बाहेर पडताना त्यांना स्वतःचे आडनाव तिथेच सोडावे लागले. दुसरी कंपनी नावारूपाला येण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला. घरासाठी स्पीकर घेताना आपण वूफर, ट्वीटर, व्हॉइस कॉइल, सेन्सिटिव्हिटी असे शब्द वाचतो. त्यांचा अर्थ लान्सिंग यांच्या आयुष्यातून सहज समजतो.

जेम्स मार्टिनीचे ‘लान्सिंग’ कसे झाले?

लान्सिंग यांचा जन्म १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. तेव्हा त्यांचे नाव जेम्स मार्टिनी होते. वडील कोळसा खाणींत अभियंता होते आणि घरात १४ भावंडे होती. लहानपणी काही काळ ते बुलो नावाच्या कुटुंबाकडे राहिले आणि ते नाव त्यांनी आपल्या नावात घेतले. शाळकरी वयातच त्यांनी घरी छोटा रेडिओ प्रक्षेपक तयार केला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे काही काळ त्यांनी मोटार दुरुस्तीचे कामही केले.

आईच्या निधनानंतर ते सॉल्ट लेक सिटीला गेले आणि एका रेडिओ केंद्रात अभियंता म्हणून रुजू झाले. पत्नी ग्लेना आणि व्यवसायातील भागीदार केन डेकर ही दोन माणसे त्यांना याच शहरात भेटली. डेकर यांच्यासह ते लॉस एंजेलिसला आले. मार्च १९२७ मध्ये ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ नोंदवली गेली. त्याच सुमारास मार्टिनी हे आडनाव सोडून त्यांनी लान्सिंग हे आडनाव घेतले. कंपनी रेडिओ संचांसाठी सहा आणि आठ इंची स्पीकर बनवत असे. कारखाना आणि डिझाइन लान्सिंग पाहत, तर पैशांचा व्यवहार डेकर पाहत. ही वाटणी लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे बरेच काही तिच्याशी जोडलेले आहे.

स्पीकरच्या आत काय घडते?

दहावीच्या विज्ञानात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम असतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल लागते. स्पीकर याच नियमावर चालतो. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे असते, ते म्हणजे व्हॉइस कॉइल. अँप्लिफायरकडून येणारा प्रवाह बदलेल तसे ते पुढे-मागे हलते. त्याला जोडलेला कागदी कोन हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

अडचण आवाजाच्या आवाक्याची आहे. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ५० हर्ट्झच्या ढोलाच्या घुमाऱ्याची तरंगलांबी जवळपास ७ मीटर भरते, तर १०,००० हर्ट्झच्या झांजेच्या किणकिणाटाची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. खर्ज वाजवायला मोठा कोन हवा, तर तीव्र स्वरांसाठी हलका आणि छोटा पडदा लागतो. एकाच कोनावर दोन्ही कामे टाकली की एखादे काम बिघडतेच.

सिनेमागृहांनी लान्सिंग यांना का बोलावले?

बोलपट सुरू होऊन काही वर्षे झाली, तरी मोठ्या सिनेमागृहांतील आवाज समाधानकारक नव्हता. एमजीएम स्टुडिओच्या ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांनी १९३३ च्या सुमारास स्वतःचा स्पीकर तयार करायचे ठरवले. त्यांनी जमवलेल्या गटात जॉन हिलियर्ड हे अभियंते होते. स्पीकरचे भाग तयार करण्याची जबाबदारी लान्सिंग यांच्याकडे आली.

आवाज दोन भागांत वाटून देण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. बेल प्रयोगशाळेने अशी यंत्रणा दाखवली होती. तिच्यात खर्जाचा कर्णा खूप लांब असल्याने खालचे स्वर वरच्या स्वरांपेक्षा उशिरा पोहोचत. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मार्गात ३ मीटरचा फरक असला तर जवळपास ९ मिलिसेकंद उशीर होतो. टॅप नृत्यातील बुटांचा एकेक ठोका त्यामुळे दोनदा ऐकू येई, असे सांगितले जाते. शिअरर यांच्या गटाने खर्जाच्या कर्ण्याची लांबी कमी केली. लान्सिंग यांनी १५ इंची वूफर आणि तीव्र स्वरांसाठीचा ड्रायव्हर तयार केला. ही यंत्रणा ‘शिअरर हॉर्न’ म्हणून ओळखली गेली.

या कामासाठी १९३६ या वर्षाचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तो शिअरर आणि एमजीएमच्या ध्वनी विभागाच्या नावे होता. लान्सिंग यांचे नाव त्यात नव्हते.

नंतर लान्सिंग यांनी याच तत्त्वावर ‘आयकॉनिक’ नावाचा लहान स्पीकर आणला. १५ इंची वूफर, वर छोटा कर्णा आणि दोघांमध्ये सुमारे ८०० हर्ट्झवर स्वर वाटून देणारे सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर. स्टुडिओतील छोट्या खोल्यांसाठी तो उपयोगी ठरला. आज घरात येणारा ‘टू-वे’ स्पीकर याच मांडणीवर चालतो.

आडनाव विकले गेले म्हणजे काय झाले?

१९३९ मध्ये केन डेकर यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. हिशेब पाहणारा माणूस गेला आणि कंपनीची घडी विस्कटू लागली. लान्सिंग मालाच्या दर्जाबाबत अत्यंत काटेकोर होते, मात्र येणी-देणी हा त्यांचा प्रांत नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये सिनेमागृहांच्या ध्वनियंत्रणांची देखभाल करणाऱ्या अल्टेक कंपनीने लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग विकत घेतली. सौदा ५० हजार डॉलरना झाला. नव्या कंपनीचे नाव ‘अल्टेक लान्सिंग’ ठरले आणि लान्सिंग तिथे अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले.

तांत्रिकदृष्ट्या ही वर्षे त्यांच्यासाठी भरभराटीची ठरली. ‘६०४ डुप्लेक्स’ हा वूफरच्या पोटातच तीव्र स्वरांचा कर्णा बसवलेला स्पीकर याच काळात आला आणि पुढे ध्वनिमुद्रण स्टुडिओंमध्ये पसरला. सिनेमागृहांसाठीची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकाही याच काळातली.

पाच वर्षांचा करार संपताच १९४६ मध्ये लान्सिंग बाहेर पडले आणि ‘लान्सिंग साउंड’ ही नवी कंपनी त्यांनी काढली. अल्टेकने लगेच हरकत घेतली, कारण लान्सिंग हे नाव सौद्यात अल्टेककडे गेले होते. शेवटी नव्या कंपनीचे नाव ‘जेम्स बी. लान्सिंग साउंड’ असे करावे लागले. ज्याचे आडनाव, त्यालाच ते वापरताना मागे-पुढे शब्द जोडावे लागले.

‘डी-१३०’ मध्ये वेगळे काय होते?

या नव्या कंपनीने ‘डी-१३०’ हा १५ इंची स्पीकर आणला. त्याची व्हॉइस कॉइल तब्बल ४ इंच व्यासाची होती आणि ती गोल नव्हे, तर चपट्या तारेची होती. गोल तारा शेजारी-शेजारी ठेवल्या की मध्ये सुमारे एक पंचमांश जागा रिकामी राहते. चपटी तार उभ्या कडेवर गुंडाळली तर तेवढ्याच फटीत जास्त धातू बसतो. सोबत ताकदवान अल्निको चुंबक होता. परिणामी कमी वॉटमध्ये मोठा आवाज मिळू लागला.

याच गुणाला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, त्याचे हे माप आहे. ३ डेसिबलचा फरक म्हणजे अँप्लिफायरची ताकद दुप्पट लागते. १०० डेसिबलचा स्पीकर १० वॉटवर जेवढा मोठा वाजेल, तेवढाच आवाज ८५ डेसिबलच्या स्पीकरकडून काढायला ३०० हून अधिक वॉट लागतात. त्या काळातील व्हॉल्व्हचे घरगुती अँप्लिफायर मोजक्या वॉटचे असत. त्यामुळे हा फरक निर्णायक होता. गिटार अँप्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडर यांनीही पुढे याच स्पीकरला पसंती दिली.

शेवट कसा झाला?

स्पीकर उत्तम होते, पण कंपनी तोट्यात होती. माल पुरवणाऱ्यांची देणी वाढत गेली. मार्क्वार्ट या विमान क्षेत्रातील कंपनीने जागा आणि उधारी देऊन काही काळ हात दिला. तिचे खजिनदार विल्यम थॉमस लान्सिंग यांच्या कंपनीचे आर्थिक व्यवहार पाहू लागले. मात्र १९४९ मध्ये मार्क्वार्टची मालकी जनरल टायर कंपनीकडे गेली. टायर कंपनीला स्पीकरमध्ये रस नव्हता आणि तो आधार सुटला. सप्टेंबर १९४९ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी लान्सिंग यांनी आपले जीवन संपवले.

(मानसिक ताण असह्य होत असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.)

मग ‘जेबीएल’ ही अक्षरे कुठून आली?

लान्सिंग यांचा १० हजार डॉलरचा आयुर्विमा होता आणि त्याचे पैसे कंपनीला मिळणार होते. त्या रकमेवर थॉमस यांनी कंपनी तगवली. पुढे ग्लेना यांचा हिस्साही त्यांनी विकत घेतला. स्पीकरवर तेव्हा ‘जिम लान्सिंग’ अशी मुद्रा असे. त्यावर अल्टेकने पुन्हा आक्षेप घेतल्यावर १९५५ च्या सुमारास नावाची फक्त आद्याक्षरे वापरायचे ठरले. म्हणजे जगभर पोहोचलेले हे नाव त्या माणसाने स्वतः कधी पाहिलेच नाही.

१९५४ चा ‘हार्ट्सफील्ड’ आणि १९५७ चा ‘पॅरागॉन’ यांनी घरगुती स्पीकरच्या बाजारात जेबीएलला मानाचे स्थान दिले. १९६९ मध्ये कंपनी सिडनी हार्मन यांच्याकडे गेली. १९७० मध्ये आलेला ‘एल-१००’ घरांमध्ये लोकप्रिय झाला. २०१७ मध्ये सॅमसंगने हार्मन समूह विकत घेतला. अल्टेक लान्सिंग हे नावही अनेक मालकांच्या हातांतून फिरले.

घरासाठी स्पीकर घेताना किंवा बदलताना काय पाहावे?

नावापेक्षा मॉडेल पाहा. ब्रँडचे मालक बदलतात. एकाच नावाखाली स्टुडिओचे स्पीकरही मिळतात आणि खेळण्यासारखेही. प्रत्येक मॉडेलचे भाग आणि आकडे स्वतंत्र तपासा.

‘पीएमपीओ’ सोडा, ‘आरएमएस’ वाचा. खोक्यावरचे हजारो वॉटचे पीएमपीओ आकडे जाहिरातीपुरते असतात. सतत मिळणारी ताकद आरएमएसमध्ये लिहिलेली असते. ती सेन्सिटिव्हिटीसोबत वाचा. ८८ डेसिबलचा स्पीकर आणि ३० वॉटचा अँप्लिफायर फ्लॅटमधील दिवाणखान्याला सहसा पुरतो.

खोलीएवढाच स्पीकर घ्या. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पाच किंवा साडेसहा इंची वूफरची टू-वे जोडी पुरेशी असते. स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवला की खर्ज फुगतो आणि गायकाचे शब्द गढूळ होतात. नवा स्पीकर घेण्याआधी जुना भिंतीपासून एक-दोन फूट पुढे आणून ऐका. अनेकदा खर्च तिथेच वाचतो.

आधी स्पीकर बदला, मग अँप्लिफायर. चालू अवस्थेतील दोन बऱ्या अँप्लिफायरपेक्षा दोन स्पीकरमधील फरक कानाला लवकर कळतो. स्पीकरचे ओहम अँप्लिफायरला झेपणारे आहेत ना, एवढे मात्र तपासा. ८ ओहमसाठीच्या अँप्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर जोडला तर तो तापू शकतो.

दुरुस्ती होईल का, ते विचारा. कोनाभोवतीची फोमची कड मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची कड जास्त टिकते. जुन्या चांगल्या स्पीकरची फक्त कड किंवा कोन बदलून मिळत असेल तर ते नव्यापेक्षा स्वस्त पडते.

एकाच आवाजपातळीवर ऐका. दुकानात जो स्पीकर थोडा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. पाठ असलेली दोन-तीन गाणी फोनमध्ये घेऊन जा आणि सगळे स्पीकर सारख्याच मोठ्याने वाजवायला सांगा.

लान्सिंग यांच्या काळातील ‘डी-१३०’ नवा कोन बसवून आजही काही शौकीन वापरतात. ज्या काटेकोरपणापायी त्यांना धंद्याचे गणित जमले नाही, त्याचाच फायदा पंचाहत्तर वर्षांनंतर त्या स्पीकरच्या मालकांना मिळतो आहे.