तबकडीवरची दोन नावे : बेगम अख्तर

विसाव्या शतकातील उर्दू गझलेचा इतिहास केवळ दिवाने आणि मुशायरे ह्यांच्या आधारे लिहिता येणार नाही. त्यात ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे प्रकरण घालावे लागेल, आणि त्या प्रकरणात लखनौच्या बेगम अख्तर ह्यांना अग्रस्थान द्यावे लागेल.

त्यांचा जन्म १९१४ साली फैजाबाद येथे झाला. आई मुश्तरीबाई गाणारी होती. वडील असगर हुसेन वकील होते, पण त्यांनी मायलेकींना लवकरच दुरावले. दारिद्र्य आणि स्थलांतर ह्यांत बालपण गेले. सारंगिये इमदाद खाँ, पतियाळ्याचे अता मुहम्मद खाँ आणि पुढे किराना घराण्याचे अब्दुल वहीद खाँ ह्यांची तालीम त्यांना मिळाली. ठुमरी-दादऱ्याच्या ह्या गायिकेच्या मागे ख्यालाची शिस्त उभी होती, हे पुष्कळदा विसरले जाते.

गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गायिले, तेव्हापासून तवायफांचा आवाज त्यांच्या कोठ्यांबाहेर पडला होता. अख्तरीबाईंच्या उमेदीच्या काळात कलकत्ता हेच ध्वनिमुद्रणाचे माहेरघर होते. १९३४ च्या बिहार भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ तेथे झालेल्या जलशात त्या गाजल्या. जितेंद्रनाथ घोष ह्यांच्या मेगाफोन कंपनीने त्यांच्या मुद्रिका काढल्या. बेहजाद लखनवी ह्यांच्या गझलेच्या तबकडीने तर अख्तरीबाई फैजाबादी हे नाव घरोघर पोहोचविले. बोलपटांतही त्यांनी कामे केली. मेहबूब खान ह्यांचा ‘रोटी’ (१९४२) हा त्यांतला उल्लेखनीय.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. मैफलीत एकाच मिसऱ्याला अनेक अंगांनी फिरवून त्याचा भाव उलगडणाऱ्या गायिकेला एवढ्या अवकाशात चार-पाच शेर बसवावे लागत. मतला अनिवार्य, मक्ता ठेवावयाचा की गाळावयाचा, हे गाणाऱ्याने ठरवावयाचे. साहजिकच जे शेर गायिले गेले तेच पुष्कळांच्या मुखी राहिले, आणि छापील गझल वाचणाऱ्यांपेक्षा ही गायिलेली गझल ऐकणारे कितीतरी अधिक होते. संहितेचे हे संपादन कोणत्याही विद्वानाने केलेले नाही. ते गायिकेने केले. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, आपल्याकडे माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ प्रसिद्ध झाली. मराठी गझल ग्रंथातून, वृत्तचर्चेच्या वाटेने आली. तिला अशी तबकडी त्या काळी लाभली नाही, आणि माझ्या मते तिच्या मंद प्रसाराचे हेही एक कारण असावे.

१९४५ साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी ह्यांच्याशी विवाह झाला आणि गाणे थांबले. प्रतिष्ठित घराची ती अट होती. सुमारे पाच वर्षे ही बाई गायली नाही. प्रकृती ढासळली, गाणे हाच उपाय, असे वैद्यांनीच सुचविले, असे सांगतात. १९४९ मध्ये लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर त्या पुन्हा गायल्या. मात्र जी परतली ती अख्तरीबाई फैजाबादी नव्हती. पुढच्या तबकड्यांवर बेगम अख्तर असे नाव छापले गेले. बाई जाऊन बेगम आली, हा केवळ शिष्टाचाराचा फेरफार नव्हे. ज्या नभोवाणीने त्याच वर्षांत तवायफ वर्गातील गायिकांना दारे बंद करण्याचे धोरण धरले होते, तिच्या दृष्टीने विवाहित नाव हेच प्रवेशपत्र होते. ते ज्यांना मिळाले नाही अशा किती कंठांचा लोप झाला, ह्याची गणती कोणी ठेवली नाही.

लखनौत विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी १९२६ साली मॅरिस कॉलेज स्थापिले, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वाढविले. संगीत कोठ्यावरून घरंदाज मुलामुलींच्या वर्गात आणणे हे त्या मराठी गुरूंचे कार्य होते. भातखंड्यांचे नाव धारण केलेल्या त्याच संस्थेत उत्तरकाळी बेगम अख्तर शिकवू लागल्या. जी परंपरा दाराबाहेर ठेवावयाची तीच गुरुस्थानी बसली, ह्यात काव्यगत न्याय आहे खरा. परंतु तोही बेगम ह्या नावानेच.

त्यांच्या स्वरात वरच्या जागी एक बारीक चीर पडे, तिला रसिक पत्ती म्हणत. शास्त्रकार तिला दोष म्हणतील. मीर, गालिब किंवा शकील बदायुनी ह्यांच्या शब्दावर ती नेमकी पडे, आणि तबकडीने ती जशीच्या तशी टिपून ठेवली. पुढे दीर्घ मुद्रिका आल्या, वेळ वाढला, सत्यजित राय ह्यांच्या ‘जलसाघर’मध्ये (१९५८) त्या पडद्यावर गायल्या, तरी जुन्या तीन मिनिटांतली घट्ट वीण मला अधिक मोलाची वाटते.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादेत त्यांचे देहावसान झाले. पद्मभूषण मरणोत्तर आले. लखनौच्या पसंदबागेत आईशेजारी त्यांना दफन करण्यात आले. दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या त्या दोन कबरींचा जीर्णोद्धार २०१२ साली झाला.