विश्लेषण : मेंदूतल्या गाठीचे मूळ अनेकदा दुसरीकडेच! कर्करोगाच्या मुळाशी गेलेल्या कमल रणदिवे कोण होत्या?

मेंदूत कर्करोगाची गाठ सापडली की ती मेंदूतच झाली, असा समज होतो. प्रौढांमध्ये मात्र ती बऱ्याचदा दुसऱ्या अवयवातून आलेली असते. फुप्फुस, स्तन, त्वचेचा मेलॅनोमा, मूत्रपिंड आणि मोठे आतडे ही तिची नेहमीची उगमस्थाने. यांपैकी स्तनाच्या कर्करोगाचा वेध डॉ. कमल रणदिवे यांनी अनेक वर्षे घेतला.

डॉक्टर नव्हे, संशोधक

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेत शिकलेल्या कमल यांनी वाट धरली ती संशोधनाची. १९३९ मध्ये लग्नानंतर त्या रणदिवे झाल्या. शिक्षण थांबले नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र त्यांनी तिथे आत्मसात केले आणि परतल्यावर मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

संशोधन काय होते?

उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. हा आजार आणि आनुवंशिकता यांचे नाते सुरुवातीच्या काळात मांडणाऱ्यांत त्या होत्या.

कर्करोग मेंदूत कसा पोहोचतो?

मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे मेंदूत रुजतात. तिथेही त्या स्तनाच्याच कर्करोगाच्या पेशी असतात. म्हणून औषध ठरवताना मूळ कुठे आहे, हे पाहावे लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्या प्रत्येकीला हा धोका नसतो. काही प्रकारांत तो जास्त असतो.

हरसूलशी संबंध काय?

रणदिवे प्रयोगशाळेतच थांबल्या नाहीत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे नगर जिल्ह्यातील आदिवासी गावांत त्यांनी मुलांच्या पोषणावर काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हाही आदिवासी पट्टाच. इथे दुखत नाही म्हणून स्तनातली गाठ अंगावर काढणे महागात पडू शकते, कारण सुरुवातीची गाठ अनेकदा दुखतच नाही. गाठ लागली की लगेच डॉक्टरांना दाखवावी. पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल आणि सकाळी डोके दुखणे, उलट्या, फिट, एका बाजूचा अशक्तपणा किंवा नजरेत बदल जाणवला, तर जुन्या आजाराची कागदपत्रे घेऊनच डॉक्टरांकडे जावे.