सेवेकऱ्यांचे आदर्श – वैराग्यमूर्ती श्री संत गाडगे महाराज

॥ श्री ॥



उत्सवासाठी स्वयंसेवकांची नावे नोंदविताना दरवर्षी एक गोष्ट आमच्या लक्षात येते. आरती, प्रसादवाटप व पाहुण्यांचे स्वागत या सेवांसाठी नावे दोन दिवसांत भरतात. उष्ट्या पत्रावळी उचलणे, मोठी भांडी घासणे, नळाजवळचा चिखल काढणे या सेवांचे पान मात्र कोरेच राहते आणि अखेर ती कामे मजुरी देऊन करून घ्यावी लागतात. हा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा ज्या महापुरुषाने हेच काम आयुष्यभर स्वतः केले आणि हजारो लोकांकडून आनंदाने करून घेतले, त्या श्री संत गाडगे महाराजांचे चरित्र भाविकांसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटले. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड ही त्यांची जन्मभूमी. आदिलाबाद जिल्ह्यातील आपणा मराठी भाषिकांना ते परके नाहीत.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. व्यसनापायी वडिलांचा अकाली अंत झाल्यावर माता सखुबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. डेबूजींचे बालपण तेथे गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले. सावकाराच्या कर्जापायी मामांची शेती गेली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. व्यसन, कर्ज आणि निरक्षरता यांविरुद्ध पुढे त्यांनी कीर्तनांतून जो आवाज उठविला, त्याचे मूळ या अनुभवांत होते. मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची रूढी मोडून त्यांनी गोड जेवण दिले, तेव्हा आप्तस्वकीय नाराज झाले, पण ते डगमगले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती मातीचे फुटके गाडगे, असा त्यांचा वेश होता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावी गेले की ते प्रथम रस्ते व गटारे झाडीत. केलेल्या कामाच्या बदल्यातच भाकरी घ्यावी, असा त्यांचा नेम होता. कुणाला पायावर डोके ठेवू देत नसत आणि कुणाला शिष्यही करीत नसत.

स्वयंसेवक जोडण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते आधी काही मागत नसत. एक फाटका माणूस आपले गाव झाडतो आहे, हे पाहून लोक गोळा होत, संकोचत आणि मग स्वतःच खराटा हाती घेत. दिवसभर असे श्रमदान झाले की रात्री कीर्तन होई. त्यात महाराज श्रोत्यांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. सकाळी ज्यांनी गाव झाडले, तेच रात्री पुढे बसलेले असत. त्यामुळे सांगितलेली गोष्ट ऐकून सोडून देण्याची राहत नसे.

या रीतीने मोठी कामे उभी राहिली. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे यात्रेकरूंना चिखलातून नदीवर उतरावे लागे, म्हणून महाराजांनी १९०८ च्या सुमारास लोकांच्या वर्गणीने व श्रमाने घाट बांधून घेतला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे नाशिक, देहू, आळंदी येथे आणि मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांसाठीही धर्मशाळा झाल्या. अन्नदानाच्या पंगतीत जातीचा भेद त्यांनी कधी मानला नाही.

एवढ्या देणग्या जमा झाल्या, पण महाराजांनी पैशाचा व्यवहार स्वतःच्या हाती ठेवला नाही. त्या त्या ठिकाणच्या भरवशाच्या माणसांना विश्वस्त नेमून ते पुढच्या गावी निघून जात. या संस्थांवर आपला किंवा आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली. स्वतः बांधलेल्या धर्मशाळेत निजण्याऐवजी ते बाहेर उघड्यावर किंवा झोपडीत राहत. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. सर्व कार्य पुढे नीट चालावे म्हणून १९५२ साली गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावती येथे आहे.

महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले. नावे देणे योग्यच आहे. परंतु महाराजांचे खरे स्मरण त्यांच्या कार्यपद्धतीत आहे, असे आम्हांस वाटते. जो काम सांगतो, त्याने ते आधी स्वतः करावे. हलके मानलेले काम सर्वांनी मिळून करावे. हिशेब विश्वस्तांनी चोख ठेवावा आणि काम पुरे झाले की त्यावर आपली मालकी सांगू नये. आपल्या जिल्ह्यातही याचे उदाहरण आहे. केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातील मंडळी दरवर्षी गोदावरीचे जल पायी चालत आणतात. ते कष्ट हीच त्यांची पूजा असते.

आता थोडे आपल्याविषयी. स्वच्छतेच्या सेवेचे पान कोरे राहिले, याचा दोष आम्ही भाविकांना देत नाही. त्या पानावर आजवर एकाही विश्वस्ताचे नाव नव्हते, हे वह्या चाळताना आमच्या ध्यानी आले. आम्ही व्यासपीठावर बसून सेवेचे आवाहन करीत होतो आणि खराटा दुसऱ्याच्या हाती देत होतो. म्हणून मंडळाने ठरविले आहे की यापुढे उत्सवाच्या सेवावहीत स्वच्छतेचे पान सर्वांत आधी उघडावे आणि त्यावर प्रथम विश्वस्तांनी नावे लिहावीत. सचिव या नात्याने पहिले नाव आम्ही लिहिले आहे. महाराजांच्या पुण्यतिथीस, २० डिसेंबर रोजी, सकाळी मंदिर परिसर व बाहेरचा रस्ता झाडून या सेवेचा आरंभ होईल. ज्यांना शक्य असेल, त्यांनी येताना घरचा खराटा आणावा, ही नम्र विनंती.

श्रींच्या सेवेत,
सचिव, विश्वस्त मंडळ