विश्लेषण : मुंबईतील गुन्ह्यांचे आकडे मांडणारे पोलीस आयुक्त एडवर्ड्स कोण होते?

वाकोल्यात यंदा घरफोड्या वाढल्या की घटल्या, याचे उत्तर रहिवाशांना पोलिसांनी दिलेल्या आकड्यांतूनच मिळते. म्हणजे ज्यांच्या कामाचे मोजमाप करायचे, त्यांनीच लिहिलेल्या वहीतून. ही वही आयुक्त म्हणून भरणारा आणि पुढे तिच्यावर पुस्तक लिहिणारा एक अधिकारी शंभर वर्षांपूर्वी मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव स्टीफन मेरिडिथ एडवर्ड्स.

पोलीस होण्यापूर्वी काय करत?

१८७३ मध्ये जन्मलेले एडवर्ड्स आयसीएसमधून मुंबई इलाख्यात आले. पोलीस खात्यापेक्षा त्यांचा ओढा कागदपत्रे, इतिहास आणि आकडेवारीकडे होता. मुंबई शहराच्या १९०१ च्या जनगणनेचे काम त्यांच्याकडे होते. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजार ७६४ असलेली लोकसंख्या या वेळी ७ लाख ७६ हजार ६ भरली. १८९६ पासून प्लेगने माणसे मेली होती, हजारो गावी पळाली होती. आकडा खरा असला, तरी प्लेगची हकिकत सोबत नसेल तर तो दिशाभूल करणारा होता. जनगणनेसाठी लिहिलेला शहराचा इतिहास १९०२ मध्ये ‘द राइज ऑफ बॉम्बे’ या नावाने पुस्तकरूपात आला. त्यानंतर मुंबई शहराच्या गॅझेटियरचे त्रिखंडी कामही त्यांनी केले.

आयुक्तपद कोणत्या परिस्थितीत मिळाले?

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. सहा दिवसांच्या संपात गोळीबार झाला, माणसे मेली. या उद्रेकानंतर, १९०९ मध्ये, एडवर्ड्स यांना पोलीस आयुक्त नेमण्यात आले. १९१६ पर्यंत ते त्या पदावर होते. १९११ च्या मोहरमला पुन्हा गोळीबार झाला. पुढल्या वर्षी मिरवणुकांवर इतके कडक नियम आले, की ताबुतांची जुनी मिरवणूक जवळपास संपलीच. सरकारदरबारी हे यश मानले गेले. शहराची एक जुनी परंपराही त्याबरोबर गेली. रात्रीच्या मुंबईचे बारकावे त्यांना ठाऊक होते. ‘इटोनेन्सिस’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले लेख १९१२ मध्ये ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’मध्ये एकत्र झाले.

तेव्हा कामगिरी कशी मोजत?

आयुक्त दरवर्षी सरकारला अहवाल देत. किती गुन्हे नोंदले, किती खोटे ठरले, किती उघडकीस आले, चोरीचा किती माल परत मिळाला, किती जणांना शिक्षा झाली, असे रकाने असत. सरकार त्यावर ठराव करून शाबासकी देई किंवा कान उपटे.

खरी मेख इथेच आहे. उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांची टक्केवारी दोन मार्गांनी कमी होते. चोर पकडून, किंवा चोर सापडण्याची शक्यता नसलेली तक्रार वहीत न घेऊन. शंभर तक्रारींपैकी चाळीस उकलल्या तर यश चाळीस टक्के. त्याच शंभरातल्या पन्नास नोंदवल्याच नाहीत, तर तेच चाळीस गुन्हे ऐंशी टक्के दिसतात. एकही जादा चोर पकडावा लागत नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगाने याच खोडीवर बोट ठेवले होते. आकड्यांवरून अधिकाऱ्याची लायकी ठरवली, तर गुन्हे दडपले जातात, असे त्याचे निरीक्षण होते. रकाने तरीही राहिलेच.

पुढे ते महापालिका आयुक्त झाले. १९२१ मध्ये स्त्रिया व मुलांच्या अनैतिक व्यापाराविरुद्धच्या जिनिव्हा परिषदेत त्यांनी हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व केले. १९२३ मध्ये त्यांचा मुंबई पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध झाला. तो १६७२ पासून थेट त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीपर्यंत येतो. त्यात परीक्षक आणि परीक्षार्थी एकच असल्याने तो भाग जपूनच वाचावा लागतो. १९२४ चे ‘क्राइम इन इंडिया’ मात्र वार्षिक गुन्हे-तक्त्यांतील महत्त्वाच्या गुन्ह्यांचा आढावा घेते. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाकोल्याचा याच्याशी संबंध काय?

एडवर्ड्स यांच्या तक्त्यांत वाकोला नाही. शहर पोलिसांची हद्द माहीम-शीवपाशी संपे. वाकोला साष्टीत, ठाणे जिल्ह्यात होता. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत आली.

योगायोग असा, की ‘क्राइम इन इंडिया’ याच नावाचा सरकारी वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले, तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. ज्या ठाण्यात तक्रारी इमानाने नोंदतात, तिथला आलेख चढलेला दिसतो आणि बदनामी त्याच ठाण्याची होते.

बदल झाला तो तपासणाऱ्यांत. पूर्वी वहीवर ठराव होई तो सरकारचा. आता प्रजा फाउंडेशनसारखी संस्था माहितीच्या अधिकारात आकडे मागवून मुंबई पोलिसांवर अहवाल काढते आणि घरोघरच्या सर्वेक्षणाशी ते ताडून पाहते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवले. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश २०१६ चा आहे.

तरी एक पळवाट उरतेच. लोकलमध्ये किंवा बाजारात मोबाइल चोरीला जातो आणि कागदावर ‘गहाळ’ असे लिहिले जाते. तो मोबाइल चोरीच्या रकान्यात कधीच येत नाही. त्यामुळे ठाण्यातून निघण्याआधी हातातला कागद एफआयआर आहे, अदखलपात्र नोंद आहे की नुसता गहाळ दाखला, हे वाचून घ्यावे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.