कै. परशुराम कृष्ण गोडे : विस्मृत पाककृतींचे शोधक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ते चरित्र रणधुरंधराचे, संताचे किंवा समाजसुधारकाचे असते. यंदा संपादक मंडळाने ते काम मजकडे सोपविले, तेव्हा मी मुद्दाम एका अबोल विद्वानाची निवड केली. ज्याने आपल्या ताटातील पदार्थांची वंशावळ शोधून काढली, ते हे गृहस्थ म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे कै. परशुराम कृष्ण गोडे होत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे खरे. पण विद्येला ज्ञातीचे कुंपण नसते, आणि त्यांच्या शोधाचा एक धागा आपल्या सुप्याशी कसा येऊन मिळतो, हे वाचकांस पुढे दिसेलच.

गोडे यांचा जन्म १८९१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. पुण्याची भांडारकर संस्था १९१७ साली स्थापन झाली आणि सरकारने जमविलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह लवकरच तिच्या स्वाधीन झाला. १९१९ साली गोडे या संस्थेत संग्रहपाल म्हणून रुजू झाले. त्याच सुमारास तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड कार्य सुरू झाले होते आणि सर्वांचे डोळे त्या कार्याकडे लागले होते. गोडे मात्र लाल रुमालात बांधलेल्या पोथ्यांच्या सहवासात राहिले. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ही सेवा केली. संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन, पोथ्यांच्या सूची, देशोदेशीच्या पंडितांशी पत्रव्यवहार, शिवाय आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची १९५७ ते १९५९ या काळात निघालेली सुधारलेली आवृत्ती, हा सारा भार त्यांनी वाहिला. याखेरीज त्यांच्या लेखणीतून चारशेहून अधिक संशोधन-लेख उतरले.

या लेखांचे विषय पाहिले म्हणजे मन थक्क होते. चष्मा हिंदुस्थानात केव्हा आला? दारूकाम केव्हापासून उडू लागले? विडा, अत्तर, मेंदी, तंबाखू, मका, हरभरा यांचा पूर्वेतिहास काय? आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात ज्याच्या बागा आहेत, त्या अंजिराचीही पूर्वपीठिका त्यांनी १९४१ साली लिहिली. विद्वानांनी वेदान्त आणि व्याकरण सोडून जिलबीच्या मागे लागावे, याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असेल. परंतु राजे येतात आणि जातात, चूल मात्र रोज पेटते. तेव्हा चुलीचा इतिहास हाही देशाचा इतिहासच होय.

त्यांची पद्धत शाळेतील मुलालाही समजेल इतकी सरळ होती. जुन्या ग्रंथावर बहुधा सन नसतो. अशा वेळी त्या ग्रंथकाराने कोणाकोणाचे आधार घेतले आहेत, हे ते पाहत. ज्याचा आधार घेतला त्याचा काळ ठाऊक असेल, तर आपला ग्रंथ त्यानंतरचा ठरतो. मग त्या ग्रंथाचा उल्लेख पुढे कोणी केला आहे, किंवा त्याची सर्वांत जुनी नक्कल कोणत्या सालची आहे, हे ते शोधीत. ग्रंथ त्यापूर्वीचा ठरतो. अशा दोन खुंट्या पक्क्या ठोकून मधल्या जागेत ते ग्रंथाला बसवीत. पुरावा असेल तेवढेच लिहावे, नसेल तेथे थांबावे, हे त्यांचे ब्रीद होते.

जिलबीचा शोध हे या पद्धतीचे सुरेख उदाहरण आहे. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात गोडे यांनी हा पदार्थ जिनसूर नामक जैन ग्रंथकाराच्या, सुमारे १४५० पूर्वीच्या, कथेतील मेजवानीत दाखवून दिला. तेथून सोळाव्या-सतराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांपर्यंत त्यांनी तिचा माग काढला. हे नाव अरबी जलाबियाशी जुळते. पण आपल्या पंडितांनी तिला कुंडलिका, कुंडलिनी अशी घरची नावे देऊन आपलेसे केले. संस्कृत वैद्यकग्रंथांत आढळणारी तिची कृती वाचताना आजच्या हलवायाचीच आठवण होते. नव्या मडक्याला आतून आंबट दही माखावे, गव्हाचे पीठ, दही व तूप एकत्र कालवून ते आंबेपर्यंत उन्हात ठेवावे, मग भोकाच्या भांड्यातून तापलेल्या तुपात गोल गोल सोडावे आणि तळून पाकात बुडवावे. चारशे वर्षांत हातवळणसुद्धा बदललेले नाही!

आता सुप्याशी येणारा धागा. गोडे यांनी १९४१ साली भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथाचे विषयवार विवेचन प्रसिद्ध केले. धान्ये, भाज्या, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष यांचा तो मोठा कोशच आहे. त्याचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त हा मराठी पंडित असून, त्याने हा ग्रंथ १६७५ ते १७०० या दरम्यान रचला, असे गोडे यांनी ठरविले. या रघुनाथाला तंजावरच्या दीपाबाई राणीसाहेबांचा आश्रय होता, हेही त्यांनी उजेडात आणले. दीपाबाई या व्यंकोजीराजांच्या पत्नी. व्यंकोजीराजांच्या मातोश्री तुकाबाई या मोहित्यांच्या कन्या, आणि तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते हे शहाजीराजांच्या वतीने आमच्या सुप्याचा कारभार पाहत होते. १६५६ च्या सुमारास शिवछत्रपतींनी सुपे आपल्या ताब्यात घेतले, ते याच सावत्र मामांकडून. म्हणजे ज्या घराण्याच्या आश्रयाने दूर तंजावरात मराठी माणसाच्या जेवणाची नोंद झाली, त्याचे नाते आमच्या गावाशी होते. भोजनकुतूहलाचा पहिला भाग १९५६ साली त्रिवेंद्रम येथून छापून प्रसिद्ध झाला. गोडे १९६१ च्या मे महिन्यात कालवश झाले. त्यांच्या सांस्कृतिक लेखांचे संग्रह त्याच सुमारास व पुढे ग्रंथरूपाने निघाले.

हे सर्व वाचीत असता माझ्या मनाला एक शल्य बोचत होते, ते येथे सांगतो. आमचा भाग कोरडवाहू. बाजरी, ज्वारी आणि हुलगा यांवर आमच्या पिढ्या पोसल्या. थंडीच्या दिवसांत माझी आई हुलग्याचे माडगे करी. त्याची चव जिभेवर आहे, पण कृती कोणालाच नीट सांगता येईना. आईच्या निधनानंतर घरात अनेकदा प्रयत्न झाले. माझी थोरली बहीण म्हणे, आई त्यात लसूण घाली. चुलतभाऊ म्हणे, छे, गूळ घाली. दोन्ही प्रकारे करून पाहिले, पण ती चव काही आली नाही. आयुष्यभर मी मुलांकडून शुद्धलेखनाच्या वह्या भरून घेतल्या, परंतु आईच्या तोंडची एक ओळ मी कधी लिहून घेतली नाही. हा दोष सर्वस्वी माझा.

अखेर गोडे यांचीच रीत मी अवलंबिली. गावातील तीन वृद्ध स्त्रियांना निरनिराळे भेटलो. एकीचे म्हणणे दुसरीला सांगितले नाही. प्रत्येकीचे माहेर कोणते, हे पदार्थ कोणाच्या हाताखाली शिकल्या, हे लिहून घेतले. लसूण आणि गूळ यांवर तिघींचे तीन मार्ग होते. परंतु एका गोष्टीवर तिघी एकमुखाने बोलल्या. हुलगे नुसते भाजून दळावयाचे नाहीत. आधी भिजवून मोड आणावयाचे, उन्हात खडखडीत वाळवावयाचे, मग मंद विस्तवावर भाजून जात्यावर दळावयाचे. आम्ही सारे वरच्या फोडणीवर वाद घालीत होतो, आणि हरवले होते ते मुळाशीच! त्याप्रमाणे माडगे केले, तेव्हा थोरल्या बहिणीने पहिला घोट घेऊन वाटी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. लसणाचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

गोडे यांच्यापासून आणखी एक विवेक शिकण्याजोगा आहे. जे जे आजीच्या हातचे ते ते अनादि, असे मानू नये. मिरची, मका, बटाटा हे पोर्तुगीजांच्या काळानंतर समुद्रापलीकडून आलेले पाहुणे आहेत. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी व आले यांचा आधार होता. पदार्थ बदलतात, यात वाईट काहीच नाही. वाईट हे की, ते कधी व कसे बदलले याची नोंदही उरू नये.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना माझी नम्र विनंती आहे. येत्या वर्षात प्रत्येक घराने निदान तीन जुने पदार्थ एका वहीत लिहून ठेवावेत. पदार्थाचे घरचे नाव, सांगणाऱ्या माउलीचे नाव व तिचे माहेर, कोणत्या ऋतूत व कोणत्या सणाला होई, आणि लिहिल्याची तारीख, एवढे अवश्य असावे. मूठ, चिमूट, ओंजळ ही मापे तशीच ठेवावीत, पण शेजारी वजनही द्यावे. कारण मूठ ज्याची त्याची निराळी असते. दोन जावांचे मत भिन्न असेल, तर दोन्ही लिहावे. सुनांनी लिहावे, लेकींनी लिहावे, आणि पुरुषांनीही संकोच धरू नये.

रघुनाथ पंडिताने लिहून ठेविले म्हणून अडीचशे वर्षांनी गोडे यांना सापडले. न लिहिलेले शोधावयास कोणीही गोडे पुन्हा जन्माला आला, तरी त्याच्या हाती काय लागणार? घरातील वृद्ध माउली आज समोर बसली आहे. तिच्याजवळ वही घेऊन बसावे, हीच कै. गोडे यांना खरी श्रद्धांजली होय.